ब्रेकचा स्विच, क्रूझ कंट्रोल आणि गुन्हा मात्र ड्रायव्हरवर

अशोक विजयादशमीच्या आदल्या रात्री मराठवाड्यातून, नाशिककडून, मुंबई-ठाण्याहून दीक्षाभूमीकडे निघणाऱ्या गाड्या आठवा. पूर्वी टेम्पो, ट्रक, एसटी आणि रेल्वे हाच प्रवास होता. आजही रेल्वेचे डबे भरून जातात. पण आता वस्तीतल्या दोन-तीन घरांनी मिळून भाड्याने घेतलेली सात सीटची गाडी, किंवा कोणीतरी हप्त्यावर घेतलेली स्वतःची एसयूव्हीही रस्त्यावर दिसते. मागे आजी, मांडीवर लहान मूल, टपावर सामान, काचेला निळा झेंडा. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा सुरू झाला आणि नागपूर ते ठाणे जिल्ह्यातील आमणे हा ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण खुला झाला. सरळ, रुंद रस्ता, कारसाठी ताशी १२० किलोमीटरची मर्यादा. अशा रस्त्यावर ड्रायव्हर क्रूझ कंट्रोल लावतो आणि उजवा पाय मोकळा करतो. त्याची चूक काहीच नाही, गाडीत ती सोय दिलेली आहे.

मोकळा झालेला तो पाय ब्रेकवर पडला की क्रूझ कंट्रोल सुटले पाहिजे, हा सगळ्या व्यवस्थेचा आधार आहे. आणि हे सुटणे अवलंबून असते एका बोटभर स्विचवर. ब्रेकच्या पेडलजवळ, पायाच्या वरच्या बाजूला, सहसा कोणाच्या नजरेस न पडणारा तो भाग. गाडीच्या किमतीच्या तुलनेत अगदी किरकोळ. या स्विचबद्दल आम्ही लिहितो आहोत, कारण जगात तो जिथे जिथे बिघडला तिथे एक जुनाच प्रश्न उभा राहिला: चूक वर होते, तेव्हा किंमत खाली कोण मोजतो?

आधी स्विचचे काम समजून घेऊ. पेडल दाबले की तेलाच्या दाबाने चाकांचे ब्रेक लागतात. हा भाग यांत्रिक आहे आणि स्विच बिघडला तरी तो चालू राहतो. स्विचचे काम निरोप देण्याचे. पेडल दाबले गेले हे तो मागच्या लाल दिव्यांना सांगतो, इंजिनच्या संगणकाला सांगतो, क्रूझ कंट्रोलला सांगतो, ऑटोमॅटिक गिअर असेल तर गिअरच्या कुलुपालाही सांगतो. बटण दाबून सुरू होणाऱ्या गाडीत 'ब्रेकवर पाय आहे, आता इंजिन सुरू कर' हा निरोपही इथूनच जातो. बऱ्याच गाड्यांत या स्विचमध्ये दोन वेगळे संपर्क असतात. एक पेडल दाबल्यावर जुळतो, दुसरा त्याच वेळी सुटतो. संगणक दोघांचे म्हणणे ताडून पाहतो. दोन साक्षीदार वेगवेगळे बोलू लागले की तो क्रूझ कंट्रोल लागूच देत नाही आणि एक कोड नोंदवून ठेवतो. गॅरेजमधल्या स्कॅनरवर पी-०५७१ किंवा पी-०५०४ असे आकडे दिसतात ते हेच.

इथे आमच्या ओळखीच्या बहुतेक गाडीवाल्यांचा घोटाळा होतो. क्रूझ लागत नाही म्हटल्यावर ते म्हणतात, "नसेल लागत तर राहू दे, आपल्याला कुठे लागतंय?" पण क्रूझ न लागणे ही अनेकदा तक्रार नसून इशारा असतो. त्याच स्विचमुळे मागचे ब्रेक लाईट पेटत नसतील. तुम्ही ब्रेक मारता, गाडी थांबू लागते आणि मागून येणाऱ्या ट्रकला काहीच कळत नाही. किंवा उलट, दिवे कायम पेटलेले राहतात आणि मागच्याला खरा ब्रेक आणि खोटा ब्रेक यात फरक उरत नाही. रात्री भिंतीला पाठ करून गाडी उभी करा, पेडल दाबा आणि आरशात लाल उजेड पाहा. एवढी तपासणी करायला मेकॅनिक लागत नाही.

संगणकाने बिघाड पकडला तर गाडी सुरक्षित बाजूला झुकते. पकडला नाही तर काय होते, हे अमेरिकेत २०१३ मध्ये दिसले. त्या वर्षी एप्रिलमध्ये ह्युंदाई आणि किया या दोन कोरियन कंपन्यांनी मिळून सुमारे १७ लाख गाड्या ब्रेकच्या याच स्विचसाठी परत बोलावल्या. त्यात सांता फे, टूसॉन, सोरेंटो, स्पोर्टेज अशा कुटुंबाच्या एसयूव्ही मोठ्या संख्येने होत्या, २००७ ते २०११ या काळातली मॉडेल्स. कंपन्यांनी दिलेले वर्णन सरळ होते: ब्रेक लाईट पेटणार नाहीत, पेडल दाबूनही क्रूझ कंट्रोल सुटणार नाही, गिअर पार्कमधून निघण्यात अडचण येईल, बटणाने गाडी सुरू होणार नाही. उपाय एकच, स्विच बदलणे. थोड्या वेळाचे काम.

पण हे पहिल्यांदा घडत नव्हते. चार वर्षांपूर्वी, २००९ मध्ये, ह्युंदाईने अशाच स्विचच्या दोषासाठी ५ लाखांहून अधिक गाड्या परत बोलावल्या होत्या. म्हणजे दोष माहीत होता, दुरुस्ती माहीत होती, भाग कोणता तेही माहीत होते. माहीत नव्हते, किंवा निदान तेव्हा जाहीर झाले नव्हते, ते इतकेच की तो दोष किती दूरवर पसरला आहे. मधल्या चार वर्षांत ज्या घरांनी ती गाडी चालवली, त्यांना हे कोणी सांगितले नव्हते.

२०१८ च्या मे महिन्यात फियाट क्रायस्लर कंपनीने अमेरिकेत तब्बल ४८ लाख गाड्या परत बोलावल्या. जीप ग्रँड चेरोकी, डॉज ड्युरँगो, डॉज जर्नी ही त्यातली काही नावे. इथे पेडलचा स्विच नव्हता, गाडीतल्या विजेच्या जाळ्यात विशिष्ट प्रकारे शॉर्टसर्किट झाले तर क्रूझ कंट्रोल बंद करता येणार नाही, असा दोष होता. सॉफ्टवेअर बदलून मिळेपर्यंत क्रूझ कंट्रोल वापरूच नका, असे कंपनीने मालकांना सांगितले. चालकाने जोरात आणि सलग ब्रेक दाबला, गाडी न्यूट्रलमध्ये टाकली तर ती थांबते, हेही सांगितले. हे आपणही लक्षात ठेवावे: क्रूझ सुटत नसेल तर पेडल पुन्हा पुन्हा सोडून-दाबून पाहू नका, कारण प्रत्येक वेळी ब्रेकला मिळणारी मदत कमी होते. एकदाच घट्ट दाबून धरा, न्यूट्रल टाका, गाडी कडेला थांबली की मग इंजिन बंद करा. धावत्या गाडीची चावी काढली तर स्टिअरिंग लॉक होऊ शकते.

मात्र सगळ्यात बोलके प्रकरण फोर्डचे आहे. ते थोडे सविस्तर पाहण्यासारखे आहे.

फोर्डच्या अनेक गाड्यांत पेडलजवळच्या नेहमीच्या स्विचशिवाय आणखी एक स्विच बसवला होता. तो इंजिनच्या खोलीत, ब्रेकच्या मुख्य सिलिंडरजवळ असे. पहिला स्विच चुकला आणि चालकाने जोरात ब्रेक दाबला तर तेलाच्या वाढलेल्या दाबाने या दुसऱ्या स्विचने क्रूझ कंट्रोल तोडायचे, अशी योजना. म्हणजे हा भाग मुळात सुरक्षेसाठीच होता. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स ही कंपनी तो बनवत असे. त्यात एका बाजूला ब्रेकचे तेल आणि दुसऱ्या बाजूला विजेचे संपर्क, आणि दोघांच्या मध्ये प्लास्टिकसारख्या पातळ पापुद्र्याचा पडदा. ब्रेक दाबला की दाब, सोडला की ओढ. हजारो वेळा हे होऊन पडद्याला चिरा पडल्या. तेल विजेच्या बाजूला झिरपले, गंज चढला, भाग तापू लागला. आणि या स्विचला बॅटरीचा प्रवाह कायम जोडलेला होता, चावी काढली तरी. त्यामुळे गाडी बंद करून, घराला लागून असलेल्या गॅरेजमध्ये उभी करून कुटुंब झोपी गेले असताना तिने पेट घ्यायचा. अशा शेकडो आगींची नोंद झाली. २००५ मध्ये आयोवा राज्यात अशा एका घराच्या आगीत एका वृद्ध महिलेचा मृत्यू झाला आणि तिच्या कुटुंबाने कंपनीला कोर्टात खेचले.

पहिली माघार १९९९ मध्ये झाली. १९९२-९३ च्या काही मोठ्या सेदान गाड्या, सुमारे २ लाख ७९ हजार. पुढची मोठी माघार थेट जानेवारी २००५ मध्ये, जवळपास ८ लाख. त्यात एक्सपिडिशन ही कुटुंबांत लोकप्रिय एसयूव्ही होती. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आणखी ३८ लाख. मग २००६, मग २००७ मध्ये ३६ लाख, आणि ऑक्टोबर २००९ मध्ये ४५ लाख. सगळे मिळून १ कोटी ४० लाखांहून अधिक गाड्या. एका स्विचसाठी, दहा वर्षांत, तुकड्यातुकड्याने. प्रत्येक वेळी आधी 'एवढ्याच मॉडेलचा प्रश्न आहे' आणि मग पुढची यादी. भाग उपलब्ध नसताना डीलर तात्पुरता उपाय म्हणून स्विचची वायर काढून ठेवत. क्रूझ कंट्रोल बंद, पण आग नाही. इतका साधा उपाय हाताशी होता, तो सर्व मालकांपर्यंत पोहोचायला दहा वर्षे लागली.

कंपनीत बसलेले सगळे लोक दुष्ट होते असे आम्ही म्हणत नाही. तसे म्हणणे सोपे आहे आणि त्याने काही कळत नाही. कोणी पडद्याचा कच्चा माल ठरवला, कोणी प्रवाह कायम जोडण्याचा आराखडा मंजूर केला, कोणी पहिल्या तक्रारींवर 'अपवाद' असा शेरा मारला, कोणी माघारीचा खर्च मांडून यादी छोटी ठेवली. एकेक निर्णय वेगळा पाहिला तर किरकोळ वाटतो. हे सगळे जुळून आले तेव्हा घर जळाले. धम्मात प्रतीत्यसमुत्पाद शिकताना आपण हेच शिकतो, की दुःख आकाशातून पडत नाही, त्याला कारणे असतात आणि कारणे दूर करता येतात. अपघाताच्या बाबतीत मात्र आपलीच माणसे हा धडा विसरतात. "वेळ आली होती", "नशिबात होतं" हे शब्द आपल्या घरातही ऐकू येतात. नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवणाऱ्यांना आपण हसतो. पण नवी गाडी आणल्यावर त्रिशरण-पंचशील घेऊन हार घातला आणि मालकाचे माहितीपुस्तक न उघडताच ग्लोव्ह बॉक्समध्ये टाकले, तर स्विचच्या दृष्टीने दोघांत फारसा फरक नाही.

आता आपल्याकडे येऊ. देशात २०२३ मध्ये रस्त्यांवर १ लाख ७२ हजारांहून अधिक माणसे मेली. सरकारी अहवालात बहुसंख्य मृत्यूंच्या पुढे अतिवेग हे कारण असते. ते खोटे नाही. वेग, झोप, दारू, हेल्मेट आणि पट्टा न लावणे यांनी माणसे मरतात, आणि प्रत्येक अपघात स्विचवर ढकलणे हा ड्रायव्हरने शोधलेला बहाणाही असू शकतो. हे मान्य करूनच पुढचे बोलावे लागते. पण अपघात झाल्यावर पोलीस ठाण्यात जी फिर्याद लिहिली जाते ती बघा. 'हयगयीने, अविचाराने व भरधाव वेगात वाहन चालवून' हे वाक्य जणू आधीच छापलेले असते. पूर्वी भारतीय दंड संहितेचे कलम ३०४-ए लागे, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम १०६ लागते आणि त्यात पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आरोपीच्या रकान्यात ड्रायव्हरचे नाव. गाडी बनवणारी कंपनी, स्विच पुरवणारी कंपनी, सर्व्हिस सेंटर यांच्यासाठी त्या कागदावर जागाच नसते.

हा ड्रायव्हर बऱ्याचदा आपल्याच वस्तीतला असतो. बारावी-पदवी झालेला, नोकरी न लागल्याने टुरिस्ट परमिटची गाडी चालवणारा, दिवसाला ठरलेल्या पैशांवर दुसऱ्याची गाडी हाकणारा. जामीन, वकील, लायसन्स निलंबन, मालकाने तोडलेले काम हे सगळे त्याच्या अंगावर. मृताच्या कुटुंबाचा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात चालतो, तिथेही सामनेवाले म्हणजे ड्रायव्हर, मालक आणि विमा कंपनी. गाडीत दोष होता का, हा प्रश्न कोणाच्याच सोयीचा नसतो, म्हणून तो बहुतेक वेळा विचारलाच जात नाही.

कायद्यात दार अजिबात नाही असे नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३६ नुसार अपघातग्रस्त वाहनाची अधिकृत अधिकाऱ्याकडून तपासणी होऊ शकते. आरटीओचे निरीक्षक ती करतात. पण पेडल दाबून 'ब्रेक कार्यरत' असा शेरा मारणे वेगळे, आणि स्कॅनर लावून ब्रेक स्विचचा कोड वाचणे वेगळे. वर पाहिले तसे स्विच बिघडला तरी ब्रेक कार्यरतच असतो! म्हणून अशा प्रकरणात ड्रायव्हरच्या किंवा मृताच्या नातेवाइकांनी पहिल्या एक-दोन दिवसांतच तपास अधिकाऱ्याला लेखी अर्ज द्यावा: गाडी सुपूर्दनाम्यावर सोडण्याआधी तिच्या संगणकातील कोड वाचून पंचनाम्यात नोंदवावेत आणि स्विच जपून ठेवावा. अर्जाची पोहोच घ्यावी. एकदा गाडी गॅरेजमध्ये गेली, कोड पुसले गेले, जुना स्विच भंगारात गेला, की मग कोर्टात बोलायला काही उरत नाही. आपल्या तालुक्यात कायदा शिकलेली मुले-मुली आहेत, गॅरेजमध्ये काम करणारी मुले आहेत. दोघांनी मिळून असा एक नमुना अर्ज तयार ठेवायला किती वेळ लागतो?

सदोष गाड्या परत बोलावण्याचा कायदा आपल्याकडे फार उशिरा आला. अमेरिकेने १९६६ मध्येच वाहन सुरक्षेचा राष्ट्रीय कायदा केला. आपल्याकडे २०१२ पासून वाहन उत्पादकांच्या संघटनेची, सियामची, स्वेच्छेने पाळायची संहिता होती. स्वेच्छा म्हणजे कंपनीला वाटले तर. २०१३ मध्ये जनरल मोटर्सने १ लाख १४ हजार शेव्हरोले तवेरा परत बोलावल्या. तवेरा कोणाची गाडी होती ते सांगायला नको. लग्न, तीर्थयात्रा, जयंती, वडाप, सगळीकडे तीच. प्रकरण प्रदूषण चाचणीतल्या फसवणुकीचे होते आणि त्यात २००५ पासूनच्या गाड्या होत्या. आठ वर्षे तो धूर कोणी गिळला, हे वेगळे सांगायला नको.

शेवटी २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम ११०-ए आले. चालकाला, प्रवाशांना, रस्त्यावरच्या इतरांना किंवा पर्यावरणाला धोका असेल तर केंद्र सरकार कंपनीला गाड्या परत बोलावण्याचा आदेश देऊ शकते. त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. दंड १० लाखांपासून १ कोटी रुपयांपर्यंत. कंपनीने स्वतःहून दोष कळवून माघार सुरू केली तर दंड नाही. वार्षिक विक्रीच्या प्रमाणात ठरावीक संख्येने तक्रारी आल्यावर चौकशीची चाके हलतात. तक्रार परिवहन मंत्रालयाच्या वाहन पोर्टलवर नोंदवायची.

पण नियमातली एक अट वाचताना आम्ही थबकलो. हा नियम सात वर्षांच्या आतल्या गाड्यांनाच लागू आहे.

सात वर्षे म्हणजे काय, ते आपल्या वस्तीत फिरून बघावे. शोरूममधून गाडी घेणारे कोण, आणि सात-आठ वर्षे वापरून झालेली, दुसऱ्या-तिसऱ्या हातची गाडी घेणारे कोण? पहिल्या मालकाच्या काळात गाडी नवी, स्विच नवा, पडदा शाबूत. दोष वयाबरोबर बाहेर येतो. फोर्डच्या प्रकरणात नेमके हेच झाले: २००९ मध्ये परत बोलावलेल्या गाड्यांत नव्वदच्या दशकातल्या गाड्याही होत्या. आपला नियम तिथे असता, तर त्यांतल्या बहुतेक मालकांसाठी सरकारला आदेशच काढता आला नसता. अमेरिकेत २०१५ च्या एका कायद्याने माघारीची मोफत दुरुस्ती मिळण्याची मुदत १० वर्षांवरून १५ वर्षे केली. आपल्याकडे सात. गाडीचे आयुष्य आपल्या रस्त्यांवर कमी असते म्हणून सात, असे कोणी म्हणेल, तर ते खरे नाही. आपल्याकडे गाडी मरेपर्यंत चालवली जाते, फक्त मालक बदलत जातात आणि प्रत्येक बदलात ती आर्थिक उतरंडीवर एक पायरी खाली येते. धोका वाढत जातो आणि हक्क संपत जातो.

माघारीची सूचनाही बऱ्याचदा पहिल्या मालकाच्या पत्त्यावर, पहिल्या मालकाच्या मोबाईलवर जाते. जुनी गाडी घेणाऱ्याने आरसी बुकवरचा चेसिस नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून पाहावा, किंवा अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचारावे की या गाडीवर काही माघारीचे काम बाकी आहे का. असे काम मोफत असते.

भाड्याच्या गाडीचे तर आणखीच अवघड. २००४ मध्ये कॅलिफोर्नियात दोन तरुण बहिणी भाड्याच्या गाडीत मेल्या. त्या गाडीच्या मॉडेलला आगीच्या धोक्यामुळे परत बोलावण्याची सूचना महिनाभर आधी निघाली होती, पण दुरुस्ती न करताच गाडी भाड्याने दिली गेली. त्यांच्या आईने अनेक वर्षे पाठपुरावा केला आणि २०१५ मध्ये कायदा झाला: मोठ्या भाडे कंपन्यांनी माघारीतली गाडी दुरुस्त केल्याशिवाय ग्राहकाला द्यायची नाही. कायद्याला त्या दोन बहिणींचे नाव आहे. एक आई, कोणताही पक्ष नाही, कोणतीही सत्ता नाही. आपल्याकडे ट्रॅव्हल्सवाल्याकडून दीक्षाभूमीसाठी, चैत्यभूमीसाठी गाडी ठरवताना आपण भाडे विचारतो, टोल कोण देणार विचारतो, एसी चालतो का विचारतो.

बाबासाहेबांनी १९४७ मध्ये संविधान सभेसाठी लिहिलेल्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या मसुद्यात खासगी मालकाच्या हाती अमर्याद सत्ता देण्याविरुद्ध सविस्तर युक्तिवाद केला होता. राज्याने अर्थव्यवहारातून अंग काढून घेतले म्हणजे सामान्य माणूस स्वतंत्र होत नाही, तो बळकट खासगी हातांच्या हुकमतीखाली जातो, असा त्याचा आशय. गाडीच्या स्विचला हा विचार लावणे काहींना ताणल्यासारखे वाटेल. आम्हाला तसे वाटत नाही. ग्राहक कंपनीची प्रयोगशाळा पाहू शकत नाही, तिचा ईमेल वाचू शकत नाही, तिच्या पुरवठादाराशी बोलू शकत नाही. त्याच्या वतीने हे करण्याची ताकद फक्त कायद्यात आहे. आणि कायद्याने सात वर्षांवर हात झटकले तर ती ताकदही ज्याच्याकडे नवी गाडी आहे त्याचीच.

दुसरे एक दार ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये आहे, आणि तरुणांनी ते नीट समजून घेतले पाहिजे. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या या कायद्याने 'उत्पादन दायित्व' हे स्वतंत्र प्रकरण आणले. उत्पादनात दोष असेल, आराखड्यातच दोष असेल, किंवा धोक्याची पुरेशी सूचना दिली नसेल आणि त्यामुळे इजा झाली, तर उत्पादक भरपाईला जबाबदार. विक्रेता आणि सेवा देणारा यांचीही जबाबदारी वेगळी सांगितली आहे. आपली बरीच मुले म्हणतात, "माझी गाडी धंद्याची आहे, मी ग्राहक कसा?" कायद्याने स्पष्ट म्हटले आहे की स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी वस्तू घेणारा ग्राहकच आहे. स्वतःची एकच टॅक्सी स्वतः चालवणारा या व्याख्येत बसतो. मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगात, ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्कही नाही. आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीच्या मुख्यालयाच्या गावी जावे लागत नाही. वकील सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची. सारखाच दोष असलेल्या अनेकांना आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रारही करता येते, आणि धोकादायक वस्तू बाजारातून परत घेण्याचा आदेश देण्याचा अधिकार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणालाही आहे. सुरुवातीच्या सल्ल्यासाठी १९१५ हा हेल्पलाइन क्रमांक आहे.

एकट्याची तक्रार मात्र दुबळी असते, आणि इथेच अमेरिकेच्या पद्धतीतली एक गोष्ट घेण्यासारखी आहे. तिथल्या वाहन सुरक्षा संस्थेकडे आलेल्या तक्रारी कोणालाही वाचता येतात. आपल्या गाडीचे मॉडेल टाकले की दुसऱ्या राज्यातल्या अनोळखी माणसाने लिहिलेले दिसते: क्रूझ सुटले नाही, दिवे पेटले नाहीत. एकट्याला वाटणारी शंका शंभर जणांच्या नोंदीत पुरावा होते. आपल्याकडे सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर "अशी तक्रार पहिल्यांदाच आली सर" हे उत्तर मिळते आणि ते खोटे ठरवायला हातात काही नसते. म्हणून जॉब कार्डवर तक्रार आपल्या शब्दांत लिहून घ्या. 'जनरल चेकअप' एवढेच लिहू देऊ नका. 'ब्रेक दाबल्यावर क्रूझ कंट्रोल बंद होत नाही', 'ब्रेक लाईट अधूनमधून पेटत नाहीत' असे स्पष्ट, तारखेसह आणि किलोमीटरसह. जुना स्विच बदलला तर तो मागून घ्या.

तथागतांनी कालामांना सांगितले ते आपण बुद्धविहारात वारंवार ऐकतो: कोणी मोठा सांगतो म्हणून मानू नका, स्वतः तपासा. शोरूममधला माणूस कितीही गोड बोलला तरी त्याच्या बाबतीत हे लागू पडते. आणि सरकारच्या बाबतीतही. म्हणून केंद्रीय परिवहन मंत्रालयाकडे माहिती अधिकारात अर्ज करण्याचा आमचा विचार आहे. शुल्क १० रुपये. विचारायचे ते असे: १ एप्रिल २०२१ पासून वाहन पोर्टलवर सदोष वाहनांच्या किती तक्रारी आल्या, त्यातील ब्रेक आणि क्रूझ कंट्रोलशी संबंधित किती, किती प्रकरणांत चौकशी झाली, कलम ११०-ए खाली किती आदेश निघाले आणि कोणत्या कंपनीला किती दंड झाला. त्याशिवाय, सात वर्षांची मर्यादा ठरवताना कोणता अभ्यास आधाराला घेतला त्याची प्रत. ज्या जिल्ह्यांतील कार्यकर्त्यांना हाच अर्ज आपल्या नावाने पाठवायचा आहे, त्यांनी जरूर पाठवावा. उत्तरे वेगवेगळी आली तर तीही बातमीच असेल.

दरम्यान पुढच्या प्रवासाला निघण्यापूर्वी कोणीतरी एकाने गाडीच्या मागे उभे राहावे आणि ड्रायव्हरला तीन वेळा पेडल दाबायला सांगावे. तिसऱ्यांदाही तिन्ही दिवे पेटले तर बसावे. पावसात, घाटात आणि गर्दीच्या रस्त्यावर क्रूझ कंट्रोल लावू देऊ नये. आणि ड्रायव्हरने सांगितले की दोन दिवसांपासून क्रूझ लागत नाही, तर गाडी आधी गॅरेजला न्यावी, निघायला दोन तास उशीर झाला तरी चालेल.